माणूस कसा आहे?



गुढीपाडवा जवळ आला की आपल्या कुरुंद्याच्या शिवारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे धरले जाते. एखादा गडी नव्या मालकाकडे बोलणी करायला जातो. मालक त्याला चहा देतो, सालाचा आकडा विचारतो, "दोन दिवसांनी कळवतो" म्हणतो. गडी वळणावरून दिसेनासा झाला की मालक खिशातून फोन काढतो आणि जुन्या मालकाला विचारतो, "तुमच्याकडं होता ना तो? माणूस कसा आहे?"

या प्रश्नाच्या उत्तरावर एका घराचे वर्ष ठरते. "बिनघोर ठेवा" असे उत्तर आले तर मुलांची शाळा चालू राहते. "बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा" असे आले तर त्या घराला पुन्हा दारोदार फिरावे लागते. फोनवर नेमके काय बोलणे झाले हे गड्याला कधीच कळत नाही. त्याला फक्त एवढेच सांगितले जाते की, "अरे, दुसरा माणूस आधीच ठरला होता."

सालगड्यापुरतीच ही गोष्ट नाही. ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्याला उचल द्यावी की नाही हे एक मुकादम दुसऱ्या मुकादमाला विचारतो. वसमतचा दुकानदार, नांदेडचे हॉस्पिटल, वाळूजची कंपनी, सगळेच जुन्या ठिकाणी चौकशी करतात. आपल्या मुली नर्सिंगला निघाल्या, मुले वसतिगृहात निघाली की आपण धर्मगुरूंकडे जातो आणि म्हणतो, "फादर, एक चिठ्ठी द्या." आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी असा शब्द मागितला आहे, आणि अनेकांनी दिलाही आहे.

म्हणून आज एका प्रश्नावर आपण मिळून विचार करू या. जो माणूस समोर हजर नाही, त्याच्याविषयी बोलताना आपण त्याचे काही देणे लागतो का? आणि आपल्या शब्दामुळे त्याची भाकर गेली, तर त्याने आपल्याकडे भरपाई मागावी का?

न्यायालयात गेलेले दोघे

इंग्लंडमध्ये विमा विकणारा एक माणूस होता. १९८९ साली त्याच्या कंपनीने त्याला कामावरून कमी केले. तो दुसऱ्या विमा कंपनीकडे गेला. त्या धंद्याच्या नियमाप्रमाणे नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे विचारणा केली. उत्तर आले ते असे की, हा माणूस प्रामाणिक मानता येणार नाही. अर्थात नोकरी मिळाली नाही, आणि पुढची दारेही बंद झाली. त्याने जुन्या कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा केला. हा खटला 'स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स' या नावाने ओळखला जातो.

चौकशीत काय निघाले? तो माणूस लबाड नव्हता. फार तर कामात कमी पडला होता. पत्र पाठवणाऱ्यांच्या मनात त्याचा सूड घ्यायचा असेही सिद्ध झाले नाही. त्यांनी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला आणि नीट चौकशी न करता कागदावर उतरवल्या, एवढेच. तोवरची समजूत अशी होती की, मनात द्वेष नसेल तर असे पत्र लिहिणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पण ७ जुलै १९९४ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी सांगितले की, द्वेष नसणे पुरेसे नाही. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आपल्या पत्रावर अवलंबून आहे, त्याच्याविषयी लिहिताना काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

दुसरा खटला आपल्या देशातला आणि अगदी अलीकडचा आहे. विप्रो या कंपनीने २०२० साली एका कर्मचाऱ्याला सेवामुक्तीचे पत्र दिले. त्यात त्याच्या वागण्याला दुष्टपणाचा ठपका देणारा शब्द होता. तो माणूस दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये निकाल लागला. त्या शब्दाला न्यायालयाला आधार सापडला नाही. कंपनीने त्याला दोन लाख रुपये भरपाई द्यावी आणि तो ठपका काढून टाकलेले नवे पत्र द्यावे, असा आदेश झाला.

या निकालातला एक मुद्दा मला फार लागला. कंपनी म्हणू शकते की, आम्ही हे पत्र फक्त त्यालाच दिले, चारचौघांत वाचून दाखवले नाही, मग बदनामी झालीच कुठे? न्यायालयाने जे पाहिले ते असे की, नवी नोकरी मागायला जाणाऱ्याला जुने पत्र दाखवावेच लागते. म्हणजे त्याची बदनामी त्याला स्वतःच्याच पिशवीत घालून दारोदार न्यावी लागते, आणि स्वतःच्याच हाताने टेबलावर ठेवावी लागते. किती मोठी शिक्षा आहे ही!

आपल्याकडे तर पत्रही नसते. फोनवरचा एक सुस्कारा पुरतो. त्यावर कोणते न्यायालय निकाल देणार?

'चांगला' या शब्दानेही घात होतो

सगळे नुकसान शिव्याशापांनीच होते असे नाही. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या संघटनेतील एका अभियंत्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता. वाचताना काय वाईट आहे त्यात? पण बढतीसाठी पाच वर्षे 'फार चांगला' असा शेरा लागत होता. त्या एका शब्दाने त्याची बढती अडली, आणि तो शब्द त्याला कोणी कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये 'देव दत्त' खटल्यात सांगितले की, शेरा वाईट असो वा चांगला, प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येईल. २०१३ साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच पुन्हा मान्य केले. आपल्या महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांतही प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवावा असे सांगितलेले आहे.

हा नियम मला पाठ आहे, कारण मी तो मोडलेला आहे.

बरीच वर्षे मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. दरवर्षी शिक्षकांचे गोपनीय अहवाल मीच लिहीत असे. एका वर्षी एक तरुण शिक्षक वारंवार उशिरा येऊ लागला. प्रार्थना संपल्यावर मागच्या फाटकातून येई, मान खाली घालून वर्गात जाई. मी त्याला एकदाही कारण विचारले नाही. वर्षाच्या शेवटी मी लिहिले, "अनियमित. कामात रस नाही." 'अनियमित' हा शब्द हजेरीपटावरून आला होता. 'कामात रस नाही' हे मात्र कोणत्याच पटावर नव्हते, ते माझ्या रागातून आले होते. तो शेरा मी त्याला कळवायला हवा होता. तोंडावर सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून आज-उद्या करीत राहिलो.

त्याच उन्हाळ्यात त्याने दुसऱ्या एका संस्थेत अर्ज केला. तिथल्या एका पदाधिकाऱ्याचा मला फोन आला, "सर, तुमच्याकडचा माणूस कसा आहे?" मी जे लिहिले होते तेच वाचून दाखवले. वाचून दाखवताना आपण अगदी नियमाने वागत आहोत असे मला वाटत होते. त्याची निवड झाली नाही.

पुढे कळले की त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला न्यावे लागत होते. पहाटेच्या गाडीने तिला पोहोचवून, बहिणीच्या हवाली करून तो शाळेत येत असे.

मला फार वाईट वाटले. मी प्रायश्चित्त संस्कारासाठी गेलो आणि सगळे सांगितले. पापक्षमा मिळेल आणि मन हलके होईल, असे मी धरून चाललो होतो. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "त्या संस्थेला तुम्ही फोन केलात का?"

नव्हता केला. माझ्या डोक्यातही ते आले नव्हते.

क्षमा मिळाली तरी देणे उरते

त्या एका प्रश्नामागे ख्रिस्तसभेची फार जुनी शिकवण आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. कोणाची शेळी चोरली तर पाप कबूल करून भागत नाही, शेळी परत करावी लागते, हे लहान मुलालाही पटते. मग कोणाचे नाव चोरले तर?

संत थॉमस अॅक्विनास तेराव्या शतकात होऊन गेले. त्यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात परतफेडीविषयी लिहिताना नावाच्या परतफेडीचाही विचार केला आहे. ते म्हणतात की, दुसऱ्याचे नाव तीन प्रकारे जाऊ शकते. एक, आपण खरे बोललो आणि ते बोलणे न्यायाचे होते. तिथे परतफेडीचा प्रश्न नाही. दोन, आपण खोटे बोललो. तिथे आपण खोटे बोललो असे कबूल करून ज्याचे त्याचे नाव परत केलेच पाहिजे. तिसरा प्रकार मात्र आपल्याला विचारात पाडतो. आपण खरेच बोललो, पण बोलायला नको होते तिथे, नको होते त्याच्याजवळ, झाकलेले उघडे केले. अशा वेळी आधीचे खोटे होते असे म्हणता येत नाही, कारण ते नवे खोटे होईल. पण खोटे न बोलता जेवढे जमेल तेवढे नाव परत केले पाहिजे, निदान "मी त्याच्यावर अन्याय केला" एवढे तरी सांगितले पाहिजे. आणि नाव परत करणे शक्यच नसेल, तर दुसऱ्या मार्गाने भरपाई केली पाहिजे.

कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्यात आठव्या आज्ञेच्या विवेचनात हेच सांगितले आहे. सत्याविरुद्ध आणि न्यायाविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करणे बंधनकारक आहे, अपराध करणाऱ्याला क्षमा मिळाली असली तरीही. काही वेळा ही भरपाई पैशानेही करावी लागते.

म्हणजे न्यायालय ज्याला नुकसानभरपाई म्हणते, ती कल्पना वकिलांनी पहिल्यांदा शोधून काढलेली नाही. आपल्या नीतिशिक्षणात ती कितीतरी आधीपासून आहे. फरक एवढाच की, न्यायालय पुरावा असेल तरच देणे वसूल करते. आपला विवेक पुरावा नसतानाही तगादा लावतो.

मी त्या संस्थेला फोन केला. जागा भरली होती. मग मी शाळेच्या दप्तरात लेखी टिपण जोडले की, मागील शेऱ्याचे दुसरे वाक्य चौकशी न करता लिहिले होते. आणि त्या शिक्षकाच्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले. सगळे ऐकून तो एवढेच म्हणाला, "सर, तेव्हा एकदा विचारलं असतं तर." त्यानंतर त्याला दुसरीकडे नोकरी मिळाली, पण त्याची वाया गेलेली वर्षे मी देऊ शकलो नाही. काही देणी पूर्ण फिटत नाहीत. तरी फेडायला सुरुवात करावीच लागते.

मग गोडच बोलावे का?

हे वाचून कोणी म्हणेल, "सर, मग कटकटच नको. कोणीही विचारले की माणूस सोन्यासारखा आहे असे सांगून मोकळे व्हावे." पुष्कळ जण तसेच करतात. नको असलेला माणूस आपल्याकडून जावा म्हणून त्याची वारेमाप स्तुती करणारेही आहेत. पण या व्यवहारात दोन नव्हे, तीन माणसे असतात. एक विचारणारा, एक सांगणारा आणि एक गैरहजर असलेला. कधीकधी त्यांच्या मागे एक चौथाही असतो, ज्याचा आवाज कुठेच ऐकू येत नाही.

१९९७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. एका शाळा-अधिकाऱ्याविरुद्ध विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी झाल्याचे त्याच्या जुन्या शाळांना माहीत होते, आणि तरी त्यांनी त्याला भरघोस शिफारसपत्रे दिली, असा आरोप होता. त्या पत्रांच्या बळावर त्याला नव्या शाळेत जागा मिळाली, आणि तिथे तेरा वर्षांच्या एका मुलीवर त्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. न्यायालयाने सांगितले की, ज्यामुळे दुसऱ्याच्या शरीराला इजा होण्याचा उघड धोका आहे अशी दिशाभूल शिफारसपत्रात करणाऱ्याला जबाबदार धरता येईल.

हे दुसऱ्यांचेच दोष आहेत असे समजून आपण सुटका करून घेऊ नये. २००२ साली बोस्टन महाधर्मप्रांतात उघड झाले की, मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारी असलेल्या काही धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात पाठवले जात होते, आणि नव्या ठिकाणच्या आईबापांना कोणी काही सांगत नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलांनी राजीनामा दिला. 'नाव जपणे' या गोंडस शब्दाखाली लेकरांचा बळी गेला. ख्रिस्तसभेने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे, आणि लेकरांनी त्याहून मोठी मोजली आहे.

म्हणून खरे सांगणे हे काही वेळा कर्तव्यच असते. कायदाही तोंड बंद करायला सांगत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामीच्या कलमाला जे अपवाद होते, त्यात सद्भावनेने दुसऱ्याला सावध करणे आणि आपले वा दुसऱ्याचे हित जपण्यासाठी बोलणे यांना मोकळीक होती. तिथे उदाहरणही एका दुकानदाराचेच दिले होते. एका गिऱ्हाइकाच्या सचोटीविषयी आपले मत बरे नाही, म्हणून त्याला उधार देऊ नका, असे तो आपल्या कारभाऱ्याला सांगतो. ते सद्भावनेने आणि धंद्याच्या रक्षणासाठी असेल तर तो गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यातही हे अपवाद राखले आहेत. पाहा, कारभाऱ्याला सांगितले तर मोकळीक आहे. तेच पारावर बसून गावाला सांगितले तर ती मोकळीक कुठून मिळणार?

त्याने भरपाई मागावी का?

आता दुसऱ्या बाजूने पाहू. समजा आपल्यापैकीच कोणावर असा अन्याय झाला. "माणूस चोर आहे" असे मालकाने खोटेच सांगितले आणि काम गेले. त्याने दाद मागावी, की ख्रिस्ताचा अनुयायी म्हणून गप्प बसून क्षमा करावी?

आपल्याकडे गरिबाला दुसरा सल्ला फार लवकर दिला जातो. "सोडून दे रे, देव बघून घेईल." हा सल्ला देणारा बहुतेक वेळा ज्याची भाकर गेलेली नाही असाच असतो.

संत पौल आणि सीला यांना फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की, त्यांना सोडून द्या. कोणीही आनंदाने बाहेर पडला असता. पण पौल उठला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, मारले तेव्हा उघड मारले आणि आता गुपचूप घालवता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, अशी त्याने मागणी केली. अधिकारी घाबरले, आले, त्यांनी विनवणी केली आणि त्यांना बाहेर नेले. ही हकिगत प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. आदल्याच रात्री पौलाने तुरुंगाच्या अधिकाऱ्याला आत्महत्येपासून वाचवले होते. म्हणजे त्याच्या मनात सूड नव्हता. तरीही जे नाव उघड्यावर घेतले ते उघड्यावरच परत द्या, असे तो म्हणाला. बहुधा त्या शहरात मागे राहणाऱ्या नव्या श्रद्धावंतांची काळजी त्याला असावी. आपण गुन्हेगार म्हणून गुपचूप निघून गेलो, तर त्यांच्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील?

क्षमा आणि न्याय यांचे भांडण नाही. क्षमा म्हणजे मनातला द्वेष सोडणे. तो मी एकट्याने सोडू शकतो. पण माझे नाव माझ्या एकट्याचे नसते. त्यावर माझ्या मुलाबाळांचे जेवण शिजते, माझ्या मुलीचे लग्न ठरते, माझ्या भावाला उधार मिळते. ते परत मागणे म्हणजे सूड नव्हे. मात्र मागताना दोन गोष्टी तपासाव्यात. जे माझ्याविषयी सांगितले गेले ते खरोखर खोटे होते का, की खरे होते आणि मला फक्त झोंबले? आणि मला माझे नाव परत हवे आहे, की समोरच्याचे नाव मातीत गेलेले पाहायचे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिक असेल तर आधी त्या माणसाकडे जावे, मग दोन साक्षीदारांसह जावे, आणि तरीही ऐकले नाही तर न्यायालयाचे दार ठोठावण्यात कमीपणा नाही.

फोन उचलण्यापूर्वी

पुढच्या वेळी कोणी आपल्याला विचारील, "माणूस कसा आहे?" तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला चार प्रश्न विचारू या.

हे मी स्वतः पाहिले आहे, की कोणाकडून ऐकले आहे? ऐकले असेल तर ते सांगू नये, किंवा आधी खात्री करून घ्यावी.

विचारणाऱ्याला हे कळणे कामासाठी गरजेचे आहे का? ट्रॅक्टर चालवायला ठेवणाऱ्याला तो दारू पितो हे कळले पाहिजे. त्याचे घरात बायकोशी पटत नाही, तो कोणत्या पार्टीचा झेंडा धरतो, त्याने आपल्याविरुद्ध ग्रामसभेत तोंड उघडले होते, हे कळण्याची गरज नाही.

दोष सांगताना गुणही सांगितले का? तीन वर्षांत एकदा चूक केली असेल तर तीन वर्षेही सांगावीत आणि एकदाही सांगावे.

आणि शेवटचा प्रश्न: हेच मी त्याच्या तोंडावर सांगू शकेन का? जे तोंडावर सांगता येत नाही ते फोनवरही सांगू नये. उलट, आधी त्यालाच सांगावे, "बाबा, मला विचारलं तर मी असं सांगणार आहे." निम्म्या वेळा तिथेच आपली चूक आपल्याला कळेल. मला कळली असती.

एका गोष्टीने शेवट करतो. नव्या करारात एक अगदी छोटे पत्र आहे, फिलेमोनाला लिहिलेले. पौलाने ते तुरुंगातून लिहिले. नीट पाहिले तर ते एका नोकराचे शिफारसपत्रच आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास मालकाला सोडून गेला होता, कदाचित काही नुकसानही करून. त्याच्या नावाचा अर्थ 'उपयोगी' असा आहे. पौल त्याचा भूतकाळ लपवीत नाही. पूर्वी हा तुला निरुपयोगी होता हे तो मान्य करतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. आता तो किती बदलला आहे हे स्वतः पाहिलेले सांगतो, त्याला भावासारखा जवळ कर म्हणतो, आणि शेवटी जे कोणताही मालक कधी लिहीत नाही ते लिहितो: याचे तुझे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. ते तो स्वतःच्या हाताने लिहितो.

दुसऱ्यासाठी शब्द टाकणे म्हणजे काय, हे त्या पत्रात आहे. खरे सांगायचे, आणि सांगितलेल्या शब्दाची किंमत आपल्या खात्यावर घ्यायची. येत्या पाडव्याला आपल्यापैकी कोणाचा तरी फोन वाजेल. पलीकडे विचारणारा असेल आणि वळणापलीकडे चालत जाणारा एक माणूस असेल, ज्याला आपले बोलणे ऐकू येणार नाही. ते देवाला ऐकू येते, एवढे ध्यानात ठेवून आपण उत्तर देऊ या. आणि यापूर्वी कोणाचे नाव आपल्या हातून गेले असेल, तर पुढच्या प्रायश्चित्त संस्काराची वाट न पाहता आधी तो फोन करू या.

– धर्मग्रामातील एक निवृत्त मुख्याध्यापक